अडकलेले यंत्र आणि हाताचा जोर

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले पुष्कळ लोक स्वतःच्या गोळ्या घरीच शिशापासून ओततात. साच्यातून निघालेली गोळी तशीच वापरता येत नाही. ती नेमक्या मापाची करावी लागते आणि तिच्या अंगावरच्या चरांत वंगण भरावे लागते. एरवी बंदुकीच्या नळीतून वेगाने जाताना शिसे घासले जाते आणि नळीच्या आत थर धरते. गोळीला वंगण लागते हे आपल्याला नवे नाही. १८५७ च्या काडतुसांवरचा वाद त्या वंगणात कोणती चरबी आहे याचाच होता. माप करणे आणि वंगण भरणे ही दोन्ही कामे एकाच दाबात करणारे हाती यंत्र अमेरिकेत शतकाहून अधिक काळ घरोघरच्या कामाच्या टेबलांवर आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकटमध्ये काढलेल्या ‘आयडियल’ कंपनीने या छंदाला लागणारी अवजारे बनवली. १९२५ मध्ये ती ‘लायमन’कडे गेली. (भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा छंद तिकडचाच.) हे यंत्र मधेच अडकते, हँडल हलेनासे होते, आणि घरी ते दुरुस्त करायला बसलेला माणूस नव्वद टक्के वेळा चुकीच्या दिशेने सुरुवात करतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण पहिला हात जोराकडेच जातो हे खरे. माझे म्हणणे एवढेच आहे की यंत्र अडकले म्हणजे ते बिघडलेच असे नाही. बहुतेक वेळा दोष गोळीच्या मापात किंवा वंगणाच्या तापमानात असतो, आणि तो मोजून, ऊब देऊन सुटतो.

यासाठी यंत्र आतून कसे चालते ते पाहावे लागेल. टेबलाच्या कडेला बोल्टांनी घट्ट बसवलेला बिडाचा सांगाडा, त्याच्या मधोमध पोलादी डाय, आणि डायच्या पोटात वर-खाली सरकणारी दांडी. गोळी बूड खाली करून या दांडीवर ठेवायची. वरून हँडलला जोडलेला पंच येतो. त्याचे तोंड गोळीच्या नाकाच्या आकाराचे कोरलेले असते. हँडल खाली ओढले की पंच गोळीला डायमध्ये दाबतो, गोळी मापाची होते आणि तिचे चर डायच्या भिंतीतल्या बारीक भोकांसमोर येतात. शेजारच्या उभ्या टाकीत वंगण असते. रॅचेट पाना फिरवला की स्क्रूवरचा दट्ट्या ते दाबतो आणि वंगण भोकांतून चरांत शिरते. हँडल वर नेले की खालची दांडी गोळीला बाहेर ढकलते. म्हणजे इथे दोन वेगवेगळे दाब काम करतात, एक धातूवरचा आणि एक वंगणावरचा. अडकण्याची कारणेही दोन घराण्यांतली असतात. दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्यांदा ठरवायचे ते हेच, की यातला कोणता दाब रुसला आहे.

धातूचे पाहू. .३५८ इंचाच्या डायमध्ये .३६० इंचाची गोळी सहज जाते. फरक ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासचा. तीच गोळी .३६४ असेल तर शिसे दाबले जाण्यापेक्षा सोलले जाऊ लागते, कीस डायच्या कडेला चिकटतो आणि पुढची गोळी त्या किसावर घट्ट बसते. यात मिश्रधातूच्या वयाची गंमत मोठी आहे. मोटारीच्या चाकांना लावतात त्या वजनांपासून केलेल्या शिशात अँटिमनी असते, थोडे आर्सेनिकही असते. साच्यातून निघालेली गरम गोळी पाण्यात टाकली तर ती त्याच दिवशी कडक होत नाही. पुढच्या काही दिवसांत हळूहळू कडक होत जाते. म्हणून त्याच साच्यातल्या, त्याच डायमधून ओतल्या दिवशी लोण्यासारख्या गेलेल्या गोळ्या दोन आठवड्यांनी हँडल अडवतात. यंत्र तेच, माप तेच. बदलला तो धातू. पंच डायच्या मध्यावर नसेल तर गोळी एका बाजूने सोलली जाते आणि तिरकी होऊन अडकते. हे ओळखायला बाहेर काढलेल्या गोळीच्या फक्त एका बाजूला चकाकी दिसते का ते बघणे पुरेसे असते.

वंगणाचे दुखणे त्याहून फसवे. मधमाशांचे मेण आणि ‘अलॉक्स’ नावाचे वंगणद्रव्य समप्रमाणात घेऊन केलेले वंगण खोलीच्या तापमानातही वाहते. बाजारातली कडक वंगणे मात्र हिवाळ्यात थंड गॅरेजमध्ये दगडासारखी होतात. चरात वंगण उतरत नाही असे दिसले की माणूस रॅचेट अजून दोन वेळा फिरवतो, मग आणखी दोन. दाब साठत जातो. दुपारी खोली तापली की साठलेला दाब एकदम मोकळा होतो, आणि गोळी व दांडी यांच्या मधे वंगण शिरते. टाकीत हवेची पोकळी राहिली असेल तरी हेच घडते. सांगाड्याला ऊब देणारा हीटर म्हणूनच या यंत्रांसाठी विकला जातो, तो चैनीचा भाग नाही.

आता जोराबद्दल. या यंत्राच्या जोडसांध्यांची रचना अशी असते की हँडल शेवटाला पोहोचताना हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढून पंचावर जातो. त्यातच कोणी हँडलवर लोखंडी नळी सरकवून तरफ लांब केली, तर तो सगळा जोर बिडाच्या भागांवर येतो. बीड दाब उत्तम सोसते, ताण आणि वाकणे मात्र सोसत नाही. ते वाकून सूचना देत नाही, सरळ तुटते. मोफत सुटणारी अडचण सुट्या भागाच्या शोधात बदलते, आणि जुन्या नमुन्याचा सांगाडा तुटला तर तो भाग मिळेलच याची खात्री नसते.

म्हणून दुरुस्ती अशी करावी. आधी रॅचेट उलटा फिरवून वंगणाचा दाब काढून टाकायचा. मग हेअर ड्रायरने डायभोवतीचा भाग हाताला कोमट लागेल इतका तापवायचा. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, त्याच्या पुष्कळ आधी ते मऊ होते. उघडी ज्योत कदापि वापरू नये. वंगण पेट घेऊ शकते आणि पोलादी डायचे पाणी उतरते. हँडल संथपणे वर न्यावे. बहुतेक गाठी इथेच सुटतात. नाहीच सुटली तर डाय धरून ठेवणारे नट उघडून डाय, दांडी आणि गोळी एकत्र बाहेर घ्यावीत. बहुतेक नमुन्यांत ते जमते. भोक पाडलेल्या लाकडावर डाय उलटा ठेवून दांडीच्या बुडावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. गोळी तोंडाच्या बाजूने निघते. पोलादी सळई डायमध्ये घालू नये. एक ओरखडा पडला तरी पुढच्या प्रत्येक गोळीवर तो उमटत राहतो.

यावर एक आक्षेप जुन्या मंडळींचा असतो: आम्ही वर्षानुवर्षे खेचूनच काढतो आणि निघते. निघते, कारण मऊ शिशाला जोर पुरतो. कडक मिश्रधातूसमोर तीच सवय महागात पडते, आणि दोन्हींतला फरक हाताला अगोदर कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोळीवर पावडर कोटिंग करून ती साध्या डायमधून आरपार ढकलण्याची पद्धत आता पसरली आहे, मग हे जुने यंत्र हवेच कशाला? हा विचार योग्य आहे, आणि वंगणाच्या कटकटीला कंटाळलेल्याने तसे करायला हरकत नाही. पण त्यातही गोळी डायच्या मापातून जावीच लागते, आणि कोटिंगमुळे तिची जाडी थोडी वाढलेलीच असते. अडकण्याचे एक घराणे जाते, दुसरे तसेच राहते. मायक्रोमीटर दोन्हीकडे लागतोच.

यंत्र पुन्हा जोडल्यावर थेट जुन्या ढिगाकडे वळू नये. त्याच दिवशी ओतलेल्या मऊ गोळ्यांपैकी चार-पाच गोळ्या मोजून घालाव्यात, चकाकी चहूबाजूंनी सारखी आहे का ते पाहावे, मग दट्ट्यावर दाब हळूहळू चढवावा. हे सगळे हात शिशाच्या किसात घालून होत असते, त्यामुळे ते काम जेवणाच्या टेबलावर करू नये, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि काही खाण्यापूर्वी हात साबणाने नखांपर्यंत धुवावेत. टेबल पुसलेले फडके घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नये.