भक्षक, भक्ष्य आणि पाहणारा

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील वाटूर गांवाच्या शिवारांत उभें राहिलें म्हणजे नजर अडविणारें असें फारसें कांहीं आढळत नाहीं. काळी जमीन, कपाशीचीं व तुरीचीं शेतें, मधूनच एखादें बाभळीचें वा लिंबाचें झाड, आणि त्यापलीकडे क्षितिज. मराठवाड्याच्या अशा उघड्या मुलुखांत काळविटांचे कळप पिकांत शिरतात, आणि लांडगाहि ह्याच माळरानांचा जुना रहिवासी आहे. येथल्या एखाद्या मेंढपाळाला पहाटेच्या धूसर उजेडांत लांबवर एक करडी आकृति स्तब्ध उभी दिसली, तर तो काठी सावरतो, कुत्र्याला हांक घालतो आणि मेंढरें एकत्र करतो. भीति त्यालाहि वाटते. परंतु त्या भीतीला तात्काळ करावयाचें असें कांहीं काम असतें. तेंच दृश्य छायाचित्र होऊन शहरांतील दिवाणखान्यांत एखाद्या मासिकाच्या पानावर आलें, तर पाहणाऱ्याच्या अंगावर कांटा उभा राहतो, आणि त्याला मात्र करण्यासारखें कांहींच नसतें. शिकारी जनावर आणि त्याचें भक्ष्य ह्यांच्या चित्रांतील भीतीचें मर्म बहुतांशीं ह्या फरकांतच आहे.

सामान्य समजूत अशी कीं, चित्रांत रक्त दिसलें, जबडा उघडा असला, सुळे चमकत असले, म्हणजे तें भयंकर होतें. अनुभव मात्र निराळा आहे. वाघाच्या पंजाखालीं मरून पडलेलें सांबर पाहून किळस येते, कीव येते, क्वचित् कुतूहलहि वाटतें. पण भीति उरत नाहीं, कारण जें व्हावयाचें तें होऊन चुकलेलें असतें. भीति ही नेहमीं पुढच्या क्षणाची असते. जर्मन विचारवंत लेसिंग ह्यानें १७६६ सालीं ‘लाओकोऑन’ ह्या ग्रंथांत शिल्पकार व चित्रकार ह्यांच्यासंबंधीं असें प्रतिपादन केलें कीं, त्यांना काळांतील एकच क्षण दाखवितां येतो, म्हणून तो क्षण कळसाचा नसावा, कळसाच्या अलीकडचा असावा. कारण कळस दाखविला कीं पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढें जाण्यास जागाच राहत नाहीं. छायाचित्रणकलेचा जन्म होण्यापूर्वीं मांडलेला हा विचार छायाचित्राला अधिकच लागू पडतो.

ह्याचें एक ठळक उदाहरण म्हणजे चिनी छायाचित्रकार योंगकिंग बाओ ह्यांचें ‘द मोमेंट’ हें चित्र. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेंत त्याला २०१९ सालीं सर्वोच्च पारितोषिक मिळालें. चीनमधील किलियान पर्वतांतील उंच कुरणावर एक तिबेटी कोल्ही व एक मार्मोट, म्हणजे बिळांत राहणारा खारीच्या कुळांतला एक लठ्ठ प्राणी, समोरासमोर आलेलीं आहेत. कोल्ही झेप घेण्याच्या बेतांत आहे, आणि मार्मोट भयानें अवघडून एका पायावर कसाबसा तोललेला आहे. रक्ताचा थेंबहि चित्रांत नाहीं. दोघांमध्यें जें वीतभर अंतर उरलें आहे, त्या रिकाम्या जागेंतच सगळी भीति सांठलेली आहे. तें अंतर चित्रांत कधींहि मिटणार नाहीं. म्हणून तें पाहणाऱ्याच्या मनांत पुनःपुन्हा मिटत राहतें. शिवाय ह्या कोल्हीला तीन भुकेलीं पिलें होतीं, हें कळल्यावर पाहणाऱ्याची आणखीच कोंडी होते. कोणाच्या बाजूनें व्हावें हेंच त्याला ठरवितां येत नाहीं.

दुसरें कारण चेहऱ्याचें. गुरगुरणारा, नाक मुरडून दांत विचकणारा वाघ भिंतीवरच्या दिनदर्शिकांना फार प्रिय. परंतु मार्जारकुळांतील प्राणी अशी मुद्रा बहुधा शिकारीच्या वेळीं करीत नाहींत. प्रतिस्पर्ध्याला धमकावतांना किंवा स्वतः कोंडींत सांपडल्यावर करतात. भ्यालेल्या मांजराच्या मुद्रेचें वर्णन डार्विननें १८७२ सालच्या आपल्या भावदर्शनावरील ग्रंथांत केलेलें आहे, आणि घरच्या मांजराकडे पाहणाऱ्या कोणालाहि तें पटेल. तेंच मांजर चिमणीवर टपतें तेव्हां त्याचें तोंड मिटलेलें, कान पुढें आणि दृष्टि स्थिर असते. तेथें राग नाहीं, द्वेष नाहीं. आहे तें केवळ लक्ष. पाहणाऱ्याला खरा धक्का बसतो तो ह्या शांततेनें. रागावलेल्याची समजूत घालतां येईल, अशी माणसाला नेहमीं आशा असते. पण जेथें रागच नाहीं, तेथें विनवणी कसली करावी?

डोळ्यांची रचनाहि ह्या परिणामांत भर घालते. भक्षकाचे डोळे समोर रोखलेले, तर चरणाऱ्या प्राण्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. २०१५ सालीं २१४ स्थलचर जातींच्या डोळ्यांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेळी, मेंढी, हरिण अशा प्राण्यांच्या बाहुल्या बहुधा आडव्या असतात, आणि त्यामुळें जमिनीलगतचा विस्तृत पट्टा त्यांच्या नजरेंत येतो, असें त्यांत दाखविलेलें आहे. मनुष्याचे डोळे समोर आहेत. म्हणून भक्षकाची नजर त्याला लगेच ‘नजर’ म्हणून कळते. हरिणाचा डोळा मात्र सर्व दिशांना पाहत असून कोठेंच पाहत नाहीं असा भासतो. गवतांत दबलेला बिबळ्या प्रेक्षकाला दिसतो आणि हरिणाला दिसत नाहीं, असें चित्र असलें म्हणजे प्रेक्षक हा त्या जगांतला एकटाच जाणता ठरतो. आणि त्याची हांक हरिणापर्यंत पोंचणार नसते.

तिसरें कारण यंत्राचें. वन्य जनावरांचीं चित्रें बहुधा लांब पल्ल्याच्या भिंगानें, पुष्कळ अंतरावरून घेतलेलीं असतात. छायाचित्रकार दोनशें मीटरांवर असला, तर वाघ व चितळ ह्यांच्यामधील वीस मीटर त्या मानानें अल्प ठरतात. दोन्ही प्राणी जवळपास सारख्याच मोठ्या आकाराचे उमटतात, आणि जणुं एकमेकांना चिकटलेले दिसतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवला तर प्रेक्षक नकळत भक्ष्याच्या उंचीवर येतो. रात्रीचा झगझगीत प्रकाश टाकला, तर डोळ्याच्या मागील चमकदार पटलावरून तो परत फिरतो आणि अंधारांत दोन निखारे पेटतात. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्यांनीं वाटेवर तार लावून, जनावराच्या पायानेंच कॅमेरा चालेल अशी योजना केली होती, आणि १९२७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं वाघांचीं अशीं रात्रीचीं चित्रें छापलीं. बंदुकीवांचून वाघ गांठतां येतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

एवढ्यानें चित्राचें स्पष्टीकरण झालें; पाहणाऱ्याचें राहिलेंच. दक्षिण आफ्रिकेंतील स्वार्टक्रान्स येथील गुहेंत मानवकुलाच्या एका प्राचीन शाखेंतील बालकाच्या कवटीचा तुकडा सांपडला. त्यावर दोन छिद्रें आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर बिबळ्याच्या खालच्या सुळ्यांमधील अंतराशीं जुळतें, हें सी. के. ब्रेन ह्या संशोधकानें दाखवून दिलें. मनुष्य शिकारी होण्यापूर्वीं दीर्घ काळ त्याचें कूळ कोणाचें तरी भक्ष्य होतें. त्यामुळें असलें चित्र पाहतांना मनुष्य नुसता साक्षी राहत नाहीं. त्याची एक जुनी जागा त्याला त्यांत दिसते.

म्हणूनच भक्ष्य मुळींच न दाखवितां देखील चित्र भयप्रद होऊं शकतें. मुंबईच्या आरे वसाहतींत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर, नयन खानोलकर ह्यांनीं रात्रीं एका अरुंद बोळांतून चालत जाणारा बिबळ्या टिपला. लंडनच्या त्याच स्पर्धेंत त्याला २०१६ सालीं नागरी विभागाचें पारितोषिक मिळालें. बिबळ्या कोणावर झेपावत नाहीं; तो नुसता चाललेला आहे. पण बोळ माणसांचा आहे, आणि भक्ष्याची रिकामी जागा प्रेक्षक स्वतःच भरून काढतो. त्या वस्तींतील वारल्यांची दृष्टि मात्र वेगळी आहे. वाघोबाला देव मानून त्याचा मान राखणारे आणि त्याच्या शेजारीं पिढ्यान् पिढ्या राहणारे हे लोक त्याच चित्राकडे ‘आपल्या वाटेनें जाणारा शेजारी’ म्हणूनहि पाहूं शकतात.

येथें प्रश्न केवळ रसास्वादाचा राहत नाहीं. भीतिदायक चित्र खरें असूनहि प्रमाणाच्या बाबतींत खोटें असूं शकतें. जॉर्ज शॅलर ह्यांनीं कान्हाच्या जंगलांतील अभ्यासावरून १९६७ सालच्या ग्रंथांत असा अंदाज दिला कीं, वाघाच्या वीस प्रयत्नांपैकीं एखादाच यशस्वी होत असावा. उरलेल्या एकोणीस वेळां हरिण निसटतें; परंतु तीं चित्रें क्वचितच छापलीं जातात. कित्येकदां चित्रच बनावट निघतें. फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला २००९ सालीं ह्याच स्पर्धेचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें होतें. तो लांडगा बहुधा शिकविलेला, पाळीव असावा असा निष्कर्ष परीक्षकांनीं काढला, आणि छायाचित्रकारानें इन्कार करूनहि २०१० सालीं तें पारितोषिक रद्द झालें. मेंढ्यांच्या वाड्यावर चोरपावलांनीं येणारा कथेंतला लांडगा लोकांच्या मनांत इतका पक्का बसलेला होता कीं, तसाच लांडगा समोर येतांच प्रथम कोणाला शंका आली नाहीं.

अशा भीतीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर भागांत २००१ नंतर बिबळे पकडून दुसरीकडे सोडण्याचा मोठा कार्यक्रम झाला. नजरेआड केलें म्हणजे संकट टळलें, असा हिशेब त्यामागें होता. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी ह्यांनीं पुढें केलेल्या अभ्यासांत उलटेंच आढळलें: माणसांवरील हल्ले पूर्वीं वर्षाला सरासरी चार होत, ते सतरांवर गेले. ह्याचा अर्थ भीति निराधार होती असा नव्हे. ज्या घरांतलें मूल गेलें त्या घराला आंकडे सांगून सांत्वन होत नाहीं. अर्थ इतकाच कीं, भीतीनें सुचविलेला उपाय भीतीइतका खरा असतोच असें नाहीं. लांडगा, काळवीट आणि बिबळ्या ह्या तिघांनाहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें रक्षण आहे. परंतु माळावरच्या बिळांत कोंडलेल्या लांडग्याच्या पिलांना कायद्यापेक्षां गांवकऱ्यांच्या मनांतलें चित्रच अधिक तारूं किंवा मारूं शकतें.

ह्यास्तव सुजाण प्रेक्षकानें अंगावर कांटा आला म्हणून लाजूं नये. पण तेथेंच थांबूंहि नये. कॅमेरा किती दूर होता, ह्या क्षणापूर्वीं व नंतर काय झालें, आणि चौकटीबाहेर कोण उभें होतें, हे तीन प्रश्न त्यानें चित्राला विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वाटूरसारख्या गांवच्या शिवारांत मिळतें. तेथें चौकटीबाहेर काठी घेतलेला मेंढपाळ उभा असतो. त्याचें कोंकरूं जातें तेव्हां तें कोणी टिपीत नाहीं. आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं पहाटे तो त्याच माळावर, त्याच लांडग्याच्या शेजारीं, आपलीं मेंढरें घेऊन जातो.