न्यायमूर्ती रानडे आणि नगरचा शेतकरी
नगर जिल्ह्यात एकेकाळी सावकाराच्या कागदावर शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात दंगे उसळले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. महादेव गोविंद रानडे यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्याआधी या कायद्याखाली त्यांनी केलेलं न्यायदान मला तितकंच मोठं वाटतं. कारण इथे न्यायाधीशाने केवळ अंगठा न पाहता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासायचा होता.

सावकार मग गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले, हा आक्षेप खराच. पण शेतकऱ्याला रास्त व्याजाने कर्ज देणारी बँक हवी, असं रानडे तेव्हाच मांडत होते.