माळ्यावरचा संगणक आणि पाझरणारा सेल

जुना संगणक बंद करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला की तो सुरक्षित राहतो, असं बरेच संग्राहक धरून चालतात. घात होतो तो बहुतेकदा माळ्यावरच. ३८६ आणि ४८६च्या कित्येक मदरबोर्डांवर, तसंच कमोडोरच्या अमिगा २००० वर, ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल थेट सोल्डर केलेला असतो. घड्याळ आणि सेटिंग जपणं एवढंच त्याचं काम. संगणक चालू असला की तो चार्ज होत राहतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की पार उतरतो, त्याचं सील सुटतं आणि आतला द्रव बाहेर झिरपतो.

या द्रवाला सगळे ‘बॅटरीचं ॲसिड’ म्हणतात आणि त्यावर खाण्याचा सोडा टाकतात. सोडा चालतो तो गाडीच्या बॅटरीला, कारण तिच्यात सल्फ्युरिक ॲसिड असतं. या सेलमध्ये असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली. त्याला शमवायला आम्लच हवं. पांढरं व्हिनेगर इअरबडने डागावर लावावं, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवावा. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

निळसर-हिरवी बुरशी पुसली म्हणजे काम झालं, हा समज तर फारच महागात पडतो. अल्कली तांब्याच्या ट्रॅकवरून, हिरव्या लेपाच्या खालून सरकत जाते, आयसीच्या सॉकेटमध्ये शिरते. लेप काळवंडलेला किंवा फुगलेला दिसला, तर तिथे तो हळूच खरवडून पाहावा. खाली चकचकीत तांब्याऐवजी काळा थर सापडतो. अशा जागचं सोल्डर करडं पडतं आणि सोल्डरिंग आयर्न लावलं तरी नीट वितळत नाही. मल्टिमीटरने एकेक ट्रॅक तपासून, तुटलेल्या जागी बारीक तार जोडावी लागते. ३८६च्या पुष्कळ बोर्डांवर सेल कीबोर्डच्या सॉकेटजवळच असल्याने आधी कीबोर्ड बंद पडतो, आणि दोष मात्र कीबोर्डला दिला जातो.

‘लिथियम सेल पाझरत नाही.’ नाण्यासारख्या सीआर२०३२ बाबत हे बरंचसं खरं आहे. पण १९८९च्या मॅकिंटॉश एसई/३० मधला अर्ध्या पेन्सिल सेलएवढा लिथियम सेल वेगळा. त्यात थायोनिल क्लोराइड असतं. तो फुटला की हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं आणि आसपासच्या लोखंडी भागांनाही गंज चढतो.

मग जुना निकेल-कॅडमियम सेल काढून तिथे सीआर२०३२ लावला की झालं? तसंही नाही. बोर्डावरचं चार्जिंग सर्किट जागेवरच असतं आणि सीआर२०३२ चार्ज करण्यासाठी नसतो. तो फुटू शकतो. मध्ये एक डायोड घातला, की उलटा प्रवाह अडतो.

सेल काढला तर संगणक कायमचा बंद पडेल, या भीतीने अनेक जण त्याला हातच लावत नाहीत. अमिगा २००० सेलशिवाय व्यवस्थित सुरू होतो, फक्त घड्याळ चुकतं. मॅकिंटॉश टू हा अपवाद: त्याला सुरू व्हायलाच सेल लागतो, पण नवा बसवला की तोही चालतो. ३८६च्या बाबतीत सेल काढण्याआधी सेटअप उघडून हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. सेल निघताच ते पुसले जातात.