अचानक निघणाऱ्यांची तयारी

कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून वर चढायचं आणि धारेधारेनं सिंहगड गाठायचा, हा पुणेकरांचा लाडका रात्रीचा ट्रेक. पौर्णिमा आली की संध्याकाळी बेत ठरतो आणि रात्री मंडळी निघतातही. या अचानक निघण्यातली मजा खरीच आहे. पण ती कशाच्या जिवावर टिकते, हे पाहायला हवं. धारेवर टेकाडामागून टेकाड, पाण्याचा भरवसा नाही आणि गवत वाळलं की उतारावरचा घसारा पायाखालून सरकतो. त्यात ढोरवाटा फुटतात. चांदण्यात त्या खऱ्या वाटेसारख्याच दिसतात आणि मध्येच झाडोऱ्यात संपतात. पिशवीत पाणी आणि हातात उजेड शिल्लक असला, तरच वाट चुकण्याची गंमत वाटते. पुरेसं पाणी, प्रत्येकाकडे बॅटरी, घरी सांगून ठेवलेली वाट आणि परतीची वेळ, एवढं पक्कं केलं की बाकीची रात्र खुशाल मोकळी सोडावी. नियोजनामुळे उत्स्फूर्तपणा मरत नाही, उलट त्याला लागणारी सवड त्यातूनच मिळते.

यावर कुणी म्हणेल, गो. नी. दांडेकरांच्या काळातले भटके कुठे एवढी आखणी करत होते? पण तेव्हाचे भटके पायथ्याच्या वाडीत टेकत, पाणी कुठल्या टाक्यात उरलंय ते विचारत, वाटाड्या सोबत घेत. ती चौकशी हेच त्यांचं नियोजन होतं. आज आपण मोबाइलमधली रेघ पाहून थेट वर चढतो आणि वाडीतल्या माणसाशी बोलतही नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: आखलेला बेत माणसाला हट्टी करतो. गाडी ठरलेली, सुट्टी एकच, मग पाऊस वाढला तरी पुढे जायचंच. म्हणून माघारीची अटही बेतातच हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरात पाऊस झाला की घाटातला ओढा बघता बघता फुगतो, तिथे विचाराला उसंत मिळत नाही. पावसाळ्यात ओढ्यात उतरायचं नाही, हे घरूनच ठरवून निघावं लागतं.

राजगड-तोरणा करणाऱ्यांना दोन गडांमधल्या धारेवर डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे पोहोचायला किती वाजले की तोरण्याचा नाद सोडून त्याच रस्त्यानं खाली उतरायचं, हे राजगड सोडण्याआधी ठरलेलं असलं, तर संजीवनी माचीवर हवं तेवढं रेंगाळायला हरकत नाही.