आजीचे शब्द आणि नळाचा फाटा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण ठेच मला लागली आहे, तेव्हा सांगण्याचा अधिकारही माझा!

भाषाशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या तोंडचे सहाशेवर मालवणी शब्द लिनक्स संगणकावरील ‘शब्द’ नावाच्या फाइलमध्ये उतरवले होते. ते वर्णानुक्रमे लावायला ‘सॉर्ट’ ही आज्ञा आहे. आज्ञेचे उत्तर एरवी पडद्यावर उमटते. ते फाइलकडे वळवायचे तर > हे चिन्ह आणि फाइलचे नाव द्यावे लागते. मी लिहिले : सॉर्ट शब्द > शब्द. काम क्षणात आटोपले. फाइल उघडून पाहतो, तर आत एक अक्षर नाही.

कारण मागाहून कळले. आपल्या आज्ञा वाचणारा ‘शेल’ आधी > पुढची फाइल कोरी करतो आणि मगच सॉर्टला हाक मारतो. बिचाऱ्या सॉर्टच्या हाती रिकामे पान! जुन्या मजकुराखाली नवा जोडायचा असेल तर >> असे दुहेरी चिन्ह लागते. चूक कळवणारे संदेश मात्र वेगळ्या वाटेने, क्रमांक २ च्या प्रवाहातून, पडद्यावरच येतात. मला तसा संदेशही आला नाही. संगणकाच्या मते चूक झालीच नव्हती.

ही व्यवस्था अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्सची. बागेतल्या नळीसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असे तेथील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ते करून दाखवले. आज त्याची खूण | ही उभी रेघ : अलीकडच्या आज्ञेचे उत्तर पलीकडच्या आज्ञेच्या तोंडी. आणि प्लंबर नळाला फाटा काढताना जो तीन तोंडांचा ‘टी’ बसवतो, त्याच नावाची आज्ञाही आहे. ‘सॉर्ट शब्द | टी यादी’ म्हटले की उत्तर पडद्यावर दिसते आणि ‘यादी’तही उतरते. पुढे आणखी फाइलींची नावे दिली तर तितक्या प्रती निघतात. मात्र टीसुद्धा जुना मजकूर पुसतो, म्हणून नाव नवेच द्यावे.

चारशे शब्द कच्च्या वहीत सापडले. उरलेल्यांसाठी मे महिन्यात गावी गेलो. आजी म्हणाली, “सगळे वहीत लिवक तुका काय झाला होता?” संध्याकाळपर्यंत तिने शंभरेक सांगितले. बाकीचे तिलाही आठवेनात.