बँकेची नोटीस दडवू नका, फोडा!

एस.टी.च्या २०२१-२२ च्या संपात कित्येक महिने पगार न मिळालेला एक वाहक, संप मिटल्यानंतरच्या एका रविवारी, विहारात वंदना झाल्यावर आमच्यापाशी आला. हातात कापडी पिशवी. "जयभीम साहेब. जरा बाजूला येता का?" पिशवीतून तीन पाकिटे निघाली. तिन्ही रजिस्टर पोस्टाची आणि तिन्ही बंद. का फोडली नाहीस रे, असे विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "घरात कळू नये म्हणून, साहेब. आणि फोडलं नाही तर आलंच नाही, असं होतं ना?"

होत नाही. पाकीट घरी पोचले की कायद्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. मग ते फोडा, नाहीतर गादीखाली ठेवा.

पण त्या वाहकाला दोष देऊन कसे चालेल? गावकुसाबाहेरच्या घरातून बाप मुंबईच्या झोपडपट्टीत आला, आणि मुलाने पगारावर कर्ज काढून बदलापूर-टिटवाळ्याकडे वन रूम किचन घेतले. खानदानातले पहिले पक्के घर! गृहप्रवेशाला बुद्धपूजा, सगळ्या नातेवाईकांना जेवण, दारावर नावाची पाटी. असे घर घेताना आपण सगळ्यांना सांगतो आणि हप्ता थकला की एकालाही सांगत नाही. मोठ्या कंपन्यांची हजारो कोटींची कर्जे बुडतात, त्यांचे मालक टी.व्ही.वर मुलाखती देतात. लाज मात्र आमच्या वाहकाला!

या लाजेची किंमत किती असते ते आम्ही एकदा पाहिले आहे, आणि त्यात आमचाही दोष आहे. २०१९ च्या मार्चमध्ये वस्तीतल्या एक विधवा बाई कागद घेऊन आल्या होत्या. आम्ही जयंतीच्या तयारीत होतो. वर्गणी, मिरवणुकीची परवानगी, वक्त्यांचे होकार. कागद न बघताच म्हणालो, "ताई, १४ एप्रिल होऊ द्या, मग निवांत बघू." त्या बिचाऱ्या थांबल्या. मे महिन्यात कागद उघडला तेव्हा ती ताब्याची नोटीस निघाली आणि तिच्यावरचे पंचेचाळीस दिवस संपून गेले होते. पुढे लिलावाची जाहिरात आली, घर गेले. नवऱ्याच्या कर्जाबरोबर विमा काढला होता का, हा पहिला प्रश्नसुद्धा त्यांना कोणी विचारला नव्हता. आम्हीही नाही. वकिलीच्या पाटीखाली बसणाऱ्या माणसाने एवढेही विचारू नये? तेव्हापासून कागद हातात आला की तो उभ्या उभ्याच वाचायचा, हे आम्ही स्वतःवर बंधन घालून घेतले आहे.

आता हे दिवस कसे मोजले जातात ते बघू. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एन.पी.ए. होते. मदत मिळण्याचा खरा काळ त्याच्या आधीचा. नोकरी गेली, पगार अडकला, घरात दुखणे आले, तर पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. मुदत वाढवून हप्ता कमी करा, काही महिने फक्त व्याज घ्या, जुन्या पद्धतीचा व्याजदर बदलून रेपो दराशी जोडा, अशा मागण्या करता येतात. बँक सगळ्या मान्य करीलच असे नाही, पण तोंडी विनवणीला कागदाचे वजन नसते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला, तेव्हा कित्येकांची मुदत त्यांना न कळताच लांबली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

एक फसवी समजूत येथेच मोडून काढतो. एन.पी.ए. झाल्यावर एखादा हप्ता भरला की संकट टळले असे लोक धरून चालतात. टळत नाही. सगळी थकबाकी भरल्याशिवाय खाते पूर्ववत होत नाही. म्हणून दागिने मोडून एक हप्ता भरण्यापेक्षा आधी एकूण थकबाकीचा आकडा लेखी मागा. आणि हप्ता भरण्यासाठी सावकाराच्या दारात जाऊ नका. बँक निदान नोटीस तरी देते.

एन.पी.ए. नंतर २००२ चा सरफेसी कायदा लागतो. त्यात बँकेला ताबा घेण्यासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. पहिली नोटीस कलम १३(२) ची, साठ दिवसांची. तिला उत्तर द्या. आकडा चुकला असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, तर तसे लिहा. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. पुढची नोटीस ताब्याची, कलम १३(४) ची. ती दारावर चिकटवतात, वर्तमानपत्रात छापतात, आणि शेजारी वाचतात. तिच्यापासून पंचेचाळीस दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे लोक ज्याला डी.आर.टी. म्हणतात तेथे, अर्ज करता येतो. आधी या अर्जासाठी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती. गरिबाने एवढी रक्कम आणायची कोठून? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात ती अट रद्द केली. मात्र अर्ज केला म्हणून जप्ती आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जाहिरात निघाली की हा हक्क संपतो. घर राखणे शक्यच नसेल तर जाहिरातीआधी बँकेच्या लेखी संमतीने आपणच गिऱ्हाईक शोधावे, लिलावापेक्षा भाव बरा येतो. आणि लिलाव झालाच तर कर्ज व खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम कर्जदाराची असते. बाईंना ती मिळवून देणे एवढेच आमच्या हाती उरले होते.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. शिवीगाळ झाली तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाता येते. दोन्हीकडे फी नाही. मध्येच कोणी "सेटलमेंट करून देतो, वीस हजार द्या" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. जो हक्कच नाही तो हा दलाल कोठून आणून देणार?

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचणही खरीच. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, न्यायाधिकरणातसुद्धा. उत्पन्नाची अट त्यांना नाही. बौद्ध झालेल्यांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा लाभ आहे. जातीचा दाखला आपण कॉलेजात आणि नोकरीत दाखवतो. तोच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात दाखवावा, हे मात्र सुचत नाही.

त्या वाहकाचे काय झाले? तिसरे पाकीट ताब्याच्या नोटिशीचे होते. तारखा मोजल्या तर अकरा दिवस शिल्लक होते. त्याच रात्री बायकोला सांग, असे आम्ही त्याला म्हणालो, आणि कायद्याच्या सगळ्या कामापेक्षा हेच त्याला जड गेले. पण तिनेच बचत गटातून आणि भावाकडून रक्कम उभी केली, उरलेली त्याने भविष्य निर्वाह निधीतून काढली. कलम १७ चा अर्ज दहाव्या दिवशी दाखल झाला. संपूर्ण थकबाकी भरल्यावर कंपनीने कारवाई मागे घेतली, मुदत दोन वर्षांनी वाढली. दारावरची पाटी अजून त्याच्याच नावाची आहे.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो. कागद घेऊन या, जयंती असली तरी या. पाकीट फोडलेले असू द्या, पण ते फेकून देऊ नका. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते.