स्कायलाइन जीटी-आर : देखभाल आणि सुटे भाग

निस्सानची आर32 स्कायलाइन जीटी-आर 1989 ते 1994 या काळात तयार झाली. सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, दोन टर्बोंचे 2,568 घनसेंटिमीटर क्षमतेचे आरबी26डीईटीटी हे तिचे इंजिन. कागदोपत्री ताकद 280 पीएस. एरवी मागच्या चाकांना मिळणारी ताकद, ती घसरू लागताच, निम्म्यापर्यंत पुढे वळवणारी अटेसा यंत्रणा हे तिचे दुसरे वैशिष्ट्य.

गाडी मुख्यतः जपानी बाजारासाठीच होती. अमेरिकेत 25 वर्षे जुन्या गाड्यांना सुरक्षा नियमांतून सूट मिळते, त्यामुळे पहिल्या आर32 तिथे 2014 पासून रीतसर जाऊ लागल्या. तिथल्या गाड्यांना 17 अंकाक्षरी ओळख क्रमांक असतो, हिला मात्र ‘बीएनआर32’ने सुरू होणारा आखूड चेसिस क्रमांक. स्थानिक विक्रेत्याच्या संगणकात तो सापडत नाही. म्हणून मालकाला जपानी कॅटलॉगमधून दहा अंकाक्षरी पार्ट नंबर स्वतः शोधावा लागतो. त्यातले पहिले पाच अंक भाग कोणता ते सांगतात, उरलेले पाच त्याचा प्रकार.

झीज दोन प्रकारची असते. पहिली वयाची. रबरी होज, बुश आणि सील कडक होतात, वायरिंगचे कनेक्टर ठिसूळ होतात, इग्निशन कॉइल आणि एअरफ्लो मीटर दगा देतात, मागच्या चाकांवरचा पत्रा गंजतो. टायमिंग बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मीटरवरच्या आकड्याची खात्री नसेल, तर गाडी ताब्यात येताच बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलणे शहाणपणाचे.

दुसरी झीज मूळ रचनेतल्या कच्च्या दुव्यांची. टर्बोचे टर्बाइन चक्र सिरॅमिकचे आहे. हलके असल्याने ते झटकन वेग घेते. पण बूस्ट वाढवला की उष्णतेने शाफ्टवरून तुटते. स्टीलचे चक्र हा त्यावरचा उपाय. ऑइल पंप फिरवणारा क्रँकशाफ्टचा भाग अरुंद असल्याने जास्त आरपीएमवर पंपाचा गिअर तडकू शकतो; तिथे रुंद कॉलर बसवतात. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर अटेसाचा क्लच विनाकारण तापतो.

सुटे भाग मिळवण्याचे चार मार्ग आहेत. निस्सान अजून बनवते ते भाग जपानमधून मागवता येतात. बंद झालेल्या काही भागांचे उत्पादन निस्सानची मोटरस्पोर्ट शाखा निस्मोने डिसेंबर 2017 मध्ये हेरिटेज योजनेखाली पुन्हा सुरू केले. होज, वायरिंग हार्नेस यांपासून त्याची सुरुवात झाली आणि पुढे आर33 व आर34 या नंतरच्या पिढ्यांचे भागही त्यात आले. तिसरा मार्ग इतर कंपन्यांच्या पर्यायी भागांचा. चौथा, मोडीत काढलेल्या गाड्यांचा. काच, ट्रिम, पॅनेल यांसाठी तो बरा, पण जुना टर्बो किंवा ऑइल पंप तिथून घेऊ नये.

जपानहून भाग यायला वेळ लागतो. त्यावर मालवाहतूक आणि आयात कर चढतो. म्हणून फिल्टर, बेल्ट, गॅस्केट आणि कॉइल हाताशी ठेवावेत. गाडी घेताना चकचकीत रंगापेक्षा दुरुस्तीच्या नोंदी पाहाव्यात आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.